दहा पडद्यांवरची समई

महागावात माझं कॉम्प्युटर सेंटर होतं, तेव्हाची गोष्ट. ते कापसाचे वाईट दिवस होते. घराघरात कापूस छताला टेकलेला आणि त्याला कुत्रं विचारत नव्हतं. माझ्याकडे दहा पडदे होते, पण खरा कॉम्प्युटर एकच, कोपऱ्यातला सर्व्हर. प्रत्येक पडद्यामागे हाताएवढी डबी असायची, आणि दहाही जणांचं काम त्या एकाच मशीनवर चालायचं. स्वस्तात पडलं म्हणून गावभर मिरवत होतो.

खंडेनवमीला सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात. म्हटलं, आपली अवजारं हीच. हळदकुंकू वाहिलं आणि दहाही पडद्यांवर समईचं हलतं चित्र लावलं. काय ज्योत लवलवायची, अहाहा! "तुळशीच्या लग्नापर्यंत कोनी हात लावायचा नाई," असा दम मीच भरला. कामाची खिडकी उघडली की समई मागे झाकायची, पण चालूच राहायची. पोरंही अशी आज्ञाधारक, की घरी जाताना नुसता पडदा बंद करायची. पूर्ण बंद केलं तर समई विझेल ना!

दसऱ्याच्या मुहूर्तावर पलीकडच्या खेड्यातली एक सून शिकायला आली. माहेरी टाइपरायटरवर हात बसलेला. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची एक जागा निघणार होती, त्यासाठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागत होतं. सासऱ्यांनी एकदाच परीक्षेला बसायची परवानगी दिली होती. "नाई जमलं तं वावर हायेच," म्हणाले होते. सकाळी कापूस वेचायची, दुपारी एसटीनं यायची. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली.

आणि तिचं टायपिंग! अक्षर उमटायचंच नाही. ती थांबायची, पुन्हा दाबायची, मग एकदम तीन तीन अक्षरं यायची. माझा स्वभाव तापट. "हात आहेत का मुसळं?" असं सगळ्यांदेखत बोललो.

"कापसानं बोटं गेली, सर," ती म्हणाली. मीही मान डोलावली. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, सगळे घरी गेल्यावर, सर्व्हर फारच घरघरायला लागला. शेजारी मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, तिथल्या चाचांना बोलावलं. कीबोर्डला ते जन्मात शिवले नव्हते. त्यांनी सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले.

"सर, आता कोनी बसलं नाई ना?"

"कोणीच नाही."

"मंग रिकामी मशीन एवढी गरम काहून? कुठंतरी पान्यासारखी पावर वाया जाऊन राह्यली. पाहा."

मी चालू कामांची यादी उघडली. वरपासून खालपर्यंत समई, समई, समई! दहा ज्योती हलवता हलवता मशीनचा जीव चालला होता. मी पुस्तकं वाचून शिकलेला, आणि या माणसानं नुसत्या तळहातानं पकडलं! मी त्यांच्या पायाच पडणार होतो.

"काहीतरीच! बिनकामाचं राबवलं का कोनतीबी मशीन तपतेच," चाचा म्हणाले.

समई विझवायचा धीर मलाही होईना. म्हणून हलत्या चित्राच्या जागी साधं, स्थिर चित्र लावलं. चाचांनी ती न हलणारी ज्योत निरखून पाहिली. "वाराच नाई, अजून बरं," म्हणाले आणि दुकानात गेले. घरघर थांबली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्याच सेंटरवर ती परीक्षेला बसली. दोष मशीनचा होता हे आधी तिला सांगायला हवं होतं, पण माझं तोंडच उघडलं नाही. बाकीचे एकेक अक्षर शोधून मारायचे, त्यांना मशीनचा उशीर कळलाच नव्हता. मशीनच्या पुढे धावणारी ती एकटीच होती, आणि नेमकं तिलाच मी मुसळ म्हणालो होतो.

पहिला शब्द उमटला तशी ती दचकली. हात उचलून पडद्याकडे पाहत राहिली. आणि मग बापरे! फुटाणे फुटावेत तसा कीबोर्ड तडतडायला लागला. परीक्षकसुद्धा वळून बघायला लागले. मी दाराशी तोंड उघडं टाकून उभा. ही बाई एवढे दिवस माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला पाहिलंच नव्हतं.

वेळ संपायच्या आधीच तिनं हात मांडीवर ठेवले. ती पास होणार हे सांगायला निकालाची गरज नव्हती. परीक्षक पुढे गेल्यावर मी जवळ गेलो.

"झालं?"

"झालं." ती फाटक्या बोटांकडे बघत होती. "सर, मी एवढी फास्ट हाय, हे तुमी मले कधी सांगतलंच नाई."