मावशींचा श्वास मोजला तो दिवस

सक्करदऱ्यातल्या एका छातीच्या दवाखान्यात मी श्वासाच्या तपासण्या करते. नवी होते तेव्हा भिवापूरकडचं एक जोडपं आलं. मावशी पन्नाशीच्या. वर्षानुवर्षं तिखट धुळीत बसून मिरचीचे देठ तोडायचं काम करत होत्या. मी काही विचारायच्या आत नवराच बोलला, "कामाच्या वेळेसच हिले दम लागते, मॅडम. एरवी बरी राहते."

मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या.

मी त्यांच्या नाकाला चिमटा लावला, पुठ्ठ्याची नळी तोंडात दिली. "छाती भरून श्वास घ्या आणि जोरात फुंका. मी म्हणेपर्यंत थांबायचं नाही." त्या चहा निववावा इतक्या हळू फुंकायच्या आणि लगेच थांबायच्या. चार वेळा तसंच झालं. नवरा म्हणाला, "पाहा, मनच नाही हिचं."

मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं.

"काहून थांबता, मावशी?"

"यांच्यासमोर गाल फुगवून फुंकाची लाज वाटते वं, पोरी. अन् खोकला आला, तं म्हणतीन नाटक करते."

मी दार लावून घेतलं. आधी मीच गाल फुगवून फुंकून दाखवलं. त्या हसल्या. मग सगळा जीव एकवटून फुंकल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पडद्यावरची रेघ तरी बुटकीच राहिली.

नवऱ्याला आत बोलावून मी दाखवलं, "या वयाला रेघ इथवर जायला हवी. यांची इथेच थांबते. बाकी डॉक्टर सांगतील."

ते पडद्याजवळ वाकले. "म्हंजे खरंच दम लागते हिले? मंग सांगतलं काहून नाही?"

"इतके वर्ष सांगूनच तं राहिली," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा आली. श्वासातून ओढायच्या फवाऱ्याच्या औषधाने रेघ थोडी वर सरकली होती. गेलेलं सगळं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मावशींनी मिरचीचं काम सोडलं होतं.

"तिच्या जागी कामाले मी जाऊन राहिलो आता," नवरा म्हणाला.

"दोन हप्त्यांतच खोकून राहिले," मावशी म्हणाल्या. "यांचंही पाहून घे वं."

डॉक्टरांना विचारून मी दुसरी नळी काढली.