बाकावरच्या गोलकीपरची थट्टा

मंडळी, घरी येऊन तास झाला, तरी माझं डोकं शांत होत नाहीये.

माझी सई इथे दुबईत, अल क्वोजला एका अकादमीत फुटबॉल शिकते. तिचे गोलकीपिंगचे कोच जर्मन आहेत. तिकडे ते मोठ्या क्लबात गोलकीपर होते, पण राखीव. जवळजवळ सगळं करिअर बाकावर बसून गेलं.

आज आपल्या या ग्रुपवरच्याच, एका मुलीच्या वडिलांनी हे मोबाइलवर शोधून काढलं आणि सगळ्या मुलींसमोर हसत विचारलं, "कोच, तुम्ही खेळलातच कुठे? मग शिकवणार काय, बसायला?"

कोचचा चेहरा उतरला. "प्रत्येक मॅचला मी तयार होतो," एवढंच म्हणाले आणि मुलींकडे वळले. "यल्ला, पुढचा बॉल."

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "आत्ता इथेच त्यांची माफी मागा."

"अहो वहिनी, गंमत केली. खलास," म्हणत ते गाडीकडे निघून गेले.

परत येताना सईने विचारलं, "मम्मा, आय ॲम ऑल्सो सेकंड कीपर. विल दे लाफ ॲट मी टू?"

तुमच्यातले काही जण तिथे उभे होतात आणि हसलात. तिला काय उत्तर देऊ, ते तुम्हीच सांगा.