झुडपातून जाताना बोलत राहायचं

आईला घेऊन आर्क्टिकला जातेय म्हटल्यावर टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या मराठी मंडळींनी मला वेड्यातच काढलं. "अगं, काकूंना नायगारा दाखव, वेगास दाखव. गुडघे दुखणाऱ्या बाईला अस्वलांत काय नेतेस, यार?" एका मैत्रिणीनं तर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. मी मुळातच तापट. तिला दोन शब्द सुनावले आणि घरी येऊन अलास्कातल्या फेअरबँक्सची तिकिटं बुक केली.

हे २००६ सालचं. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. बाबा नागपूरला शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या सोडून अलास्काच्या डोक्यावरची एक नदी त्यांची लाडकी, सागावानिर्कटोक. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी ते हे नाव म्हणायला लावायचे. वर्ग हसून लोळायचा, आणि मग त्यांच्या मते भूगोल सुरू व्हायचा. तिथले लोक तिला थोडक्यात सॅग म्हणतात. बाबांना ते पटायचं नाही. ते रिटायर झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून ती पाहायला जायचं ठरलं होतं. दोघांचे पासपोर्टही आले होते.

आणि एका संध्याकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत, मांडीवर ॲटलास असतानाच बाबा गेले. आई आत चहा करत होती. "अहो, चहा झाला," अशा हाका ती स्वयंपाकघरातून मारत राहिली. उत्तर येईना तशी नेहमीसारखी चिडली, आणि "कान फुटले की काय तुमचे" म्हणत कप घेऊन बाहेर आली.

आईनं बाबांचं नाव जन्मात घेतलं नाही. 'अहो' हेच त्यांचं नाव. त्या 'अहो'चे सूर मात्र वेगवेगळे. चहाचा निराळा, पाहुणे आल्याचा निराळा, आणि भांडणातला तर गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा. विहारात वंदना म्हणताना तिचा आवाज बाकी सगळ्या बायकांवरून जायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. बाबा गेल्यापासून तो आवाजच बंद झाला. घसा बिघडला नव्हता, डॉक्टरला दाखवलं होतं. पण हो, नको, ठेव तिथं, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. वंदनाही ओठातल्या ओठात.

मी तिला प्लेनोला आणलं, तर आमचं घर आधीच शांत. शेजारी कोण राहतं ते त्याच्या गॅरेजच्या दारावरून ओळखायचं. व्हिजिटर व्हिसाचे सहा महिने सप्टेंबरात संपत होते. मग ती त्याच घरात, त्याच व्हरांड्यात एकटी परतणार होती. अशी मुकी आई मला परत पाठवायची नव्हती. तिचा आवाज परत येतो की नाही, एवढाच घोर मला लागला होता, आणि ती नदी सोडून दुसरं काही मला सुचत नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

फेअरबँक्सहून व्हॅननं उत्तरेला जायचं. आमची गाइड म्हणजे पन्नाशीची, पांढऱ्या वेणीची दणकट बाई. आमच्याबरोबरचं जोडपं ऐनवेळी कॅन्सल झालं, त्यामुळे व्हॅनमध्ये आम्ही तिघीच. रस्ता खडीचा, शेजारून तेलाची पाइपलाइन. दोन्ही बाजूंची सूचिपर्णी झाडं वर जाताजाता बुटकी, मग काटकुळी, मग तुरळक होत गेली. गाइडनं शेवटच्या एका झाडापाशी गाडी थांबवली. यापुढे झाड नाही, म्हणाली. फळ्यावर बाबा हिरव्या खडूनं ही रेघ काढायचे आणि म्हणायचे, इथं झाडं संपली, इथून पुढं टुंड्रा, शेवाळ आणि दगडफूल, बाकी काही नाही. आई उतरली, त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि परत गाडीत येऊन बसली.

मग ब्रूक्स पर्वतातली खिंड. खिंडीच्या अलीकडचं पाणी युकॉन नदीला मिळतं, पलीकडचं थेट आर्क्टिक समुद्रात जातं. वरच्या कड्यावर पांढऱ्या रानमेंढ्या होत्या. मी बोट दाखवून दाखवून थकले. आईनं मान हलवली.

सॅग पहिल्यांदा दिसली तेव्हा खरं सांगायचं तर माझी निराशाच झाली. मला एक नदी हवी होती, आणि इथं दगडगोट्यांच्या रुंद पात्रात पाण्याच्या पाचपन्नास धारा एकमेकींत शिरत होत्या, सुटत होत्या. जून संपत आला होता, तरी काठाला माणसाच्या उंचीचा निळसर बर्फाचा थर पडून होता. थंडीत नदी गोठते, खालून येणारं पाणी त्यावर चढतं, तेही गोठतं, आणि असे थरावर थर साचतात, असं गाइडनं सांगितलं. जमीन खाली बारा महिने गोठलेली, त्यामुळे वरचं पाणी मुरत नाही. जिथं तिथं डबकी, आणि डबक्यांवर डासांचे ढग. आईच्या अंगात साडीवर जावयाचं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज आणि तोंडावर मच्छरदाणीची टोपी. हा अवतार बाबांनी पाहिला असता तर आठवडाभर चिडवलं असतं.

काठाला विलोची झुडपं, छातीइतकी उंच आणि दाट. पाण्यापर्यंत जायला त्यातूनच वाट. गाइडनं तिथं आम्हाला थांबवून नियम सांगितला. झुडपात पुढचं दिसत नाही, अस्वलालाही दिसत नाही. अचानक समोर आलो तर ते बिथरतं. म्हणून मोठ्यानं बोलत चालायचं, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. फक्त शिट्टी मारायची नाही, इथल्या खारी तशाच ओरडतात आणि अस्वल त्या खातं.

पहिल्या दिवशी हे काम मी एकटीनं केलं. मोठ्यानं मॅनेजरच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या, पॉटलकला प्रत्येकानं घरून पदार्थ करून आणायचा, तिथं दरवेळी नुसत्या चिप्स आणणाऱ्या मैत्रिणीचा उद्धार केला, डाळ-तांदळाची यादी म्हटली. गाइड मध्येमध्ये टाळ्या वाजवायची. आमच्या दोघींच्या मधून आई गुपचूप चालायची. पात्राजवळ आम्हाला निळ्या गळ्याचा एवढासा पक्षी गाताना दिसला. हा हिवाळ्यात पार आशियात जातो, असं गाइड म्हणाली. दूर पलीकडे मस्क ऑक्स नावाचे रानबैल चरत होते, अंगावरचे केस जमिनीला टेकलेले. जमिनीवर चुरचुरीत काहीतरी पसरलं होतं. आईनं वाकून चिमूटभर उचललं, मच्छरदाणी वर करून हुंगलं आणि होतं तिथं परत ठेवलं. मी वाट पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला. झुडपांच्या तोंडाशी मातीत अस्वलाचं ताजं पाऊल होतं, नखांच्या खुणांसकट. गाइडनं ते पाहिलं आणि आज दोघींनीही आवाज करा, म्हणाली. मी फाटक्या आवाजात दोन वाक्यं ओढली आणि माझं डोकंच फिरलं.

"आई, तू बोल ना गं काही. मी एकटीनं किती बडबडायचं? वर्ष होत आलं, मी एकटीच बोलतेय."

"काय बोलू?"

"काहीही. कुणालातरी हाक मार."

आई वाटेतच थांबली. मागून येणारी मी तिच्यावर आदळता आदळता राहिले. मच्छरदाणीतून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. क्षणभर वाटलं, आता ही मागं फिरणार. तेवढ्यात ती म्हणाली, "अहो."

घोगरा, अर्धाच निघालेला आवाज. तिनं घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारली. "अहो."

हा चहाचा सूर होता. एवढ्या महिन्यांत हा एक शब्द मी ऐकलाच नव्हता, आणि तो नाहीसा झालाय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. गाइडनं वळून मला हळूच विचारलं, ती कुणाला बोलावतेय? माझ्या वडिलांना, मी म्हटलं. ते कुठे आहेत, हे तिनं विचारलं नाही. ती पुढं चालायला लागली आणि तिनं टाळ्या वाजवणं थांबवलं.

"अहो, ऐकताय का? मी तुमच्या त्या नदीवर आलेय. नाव मला अजून घेता येत नाही. तुम्ही फळ्यावर एक निळी रेघ काढायचात. एक रेघ नाही ही. वेणी सुटून मोकळी झाल्यासारखी पसरलीय सगळी. तुम्ही पोरांना चुकीचं शिकवलंत." ती चालत होती, आवाज चढत होता. "काही नाही म्हणायचात. केवढं आहे इथं. म्हशीवर घोंगडी टाकावी तसली जनावरं आहेत. तुमचं ते दगडफूल पाहिलं. हुंगलं मी. आपल्या मसाल्यातल्याला जो वास आहे, तो याला नाही. आणि एक पक्षी आहे, तोही माझ्यासारखाच, थोडे महिने इथं, थोडे तिकडं. त्याला व्हिसा लागत नाही एवढंच."

मी रडत होते आणि हसत होते. पायाखाली बघायचंही भान नव्हतं.

"आणि तुम्ही काय केलंत? किती हाका मारल्या मी. कप घेऊन आले तर तुम्ही आपले ॲटलासात बघताय. जायचंच होतं तर सांगून जायचं. मी काय अडवणार होते? अडवलं असतं. हो, अडवलंच असतं."

हा भांडणातला सूर होता, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्याच वेळी झुडपं संपली आणि गाइडनं हात आडवा धरून आम्हाला थांबवलं. दोन धारांपलीकडे, दगडगोट्यांवर, एक तपकिरी अस्वल मुळं उकरत होतं. त्यानं डोकं वर करून आमच्याकडे पाहिलं. मग अंग झटकलं आणि सावकाश वळून चढणीला लागलं.

आई त्याच्याकडे पाहत राहिली. "बघा," ती म्हणाली, "ह्यानं तरी ऐकलं."

अस्वल टेकाडामागं गेल्यावर गाइडनं दगडावर बसून थर्मास उघडला. आता सगळं मोकळं आहे, चारी बाजूंनी दूरवर दिसतं, आईला म्हणावं आता ओरडायची गरज नाही, असं तिनं मला सांगितलं. मी आईसाठी कपात चहा ओतून घेतला. आई अगदी पाण्याच्या कडेला, उत्तरेकडे तोंड करून उभी होती. मच्छरदाणी तिनं काढून टाकली होती. डासांचंही तिला काही वाटत नव्हतं.

"आई, झालं आता. ये, बस. चहा थंड होईल."

"होऊ दे," आई म्हणाली. "माझं बोलून संपलं नाही अजून."