मायचा उजवा हात

माझा देवावर विश्वास आहे का, असं त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. जळगावला पिंप्राळ्यात मामांकडे राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते आणि सुट्टी लागली की एरंडोलजवळच्या आमच्या गावी येत होते. घरी देवापुढे हात जोडताना मला कॉलेजातल्या मैत्रिणी आठवून संकोच वाटायचा, आणि कॉलेजात कोणी देवाधर्माची थट्टा केली की घर आठवून वाईट वाटायचं. अशा दुभंगलेल्या मनानेच मी पुढचं सगळं पाहिलं. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिते. त्याचा अर्थ लावण्याइतकी माझी पात्रता नाही.

माझी माय खापरावरचे मांडे करायची. उपड्या मडक्यासारखं मोठं खापर चुलीवर तापवायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवायचा आणि तो थेट कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही, सगळं काम तळव्यांचं आणि मनगटांचं. पंचक्रोशीत कुठे लग्न असलं की मायला बोलावणं यायचं. तेवढ्या एका कामात ती कोणाचंही ऐकायची नाही, एरवी घरात तिचा आवाजही ऐकू येत नसे. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं हळूहळू बधिर होत गेली. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, मग कळा सुरू झाल्या. झोपेतून उठून ती हात झटकत बसायची. एका लग्नात भर पंगतीच्या वेळी मांडा तिच्या हातातून निसटून चुलीत पडला. मग घरी एकदा मी सहज वळून पाहिलं, तर तिची बोटं तापलेल्या खापराला टेकलेली होती आणि ती शांतपणे माझ्याशी बोलत होती. मी ओरडले तेव्हा कुठे तिने हात उचलला. कातडी भाजून पांढरी पडली होती. तिला कळलंच नव्हतं.

गावात ज्याने त्याने आपापलं निदान केलं. नस चढली आहे म्हणून एकाने मनगट चोळून दिलं, एकाने मंतरलेला काळा दोरा आवळून बांधला. दोऱ्याने हात आणखी सुजला. पण मायला खरा घोर लावला तो अक्काने. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, तिच्या शब्दाला घरात मान. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ, मणी, बांगड्या घालून देवी मांडतात आणि सगळे भाऊबंद मिळून तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट करतात. त्यासाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे असतात, गावात असो की परगावी, तान्हा असो की म्हातारा. आदल्या वर्षी गहू मायने मोजले होते आणि सुरतेला कामाला गेलेल्या माझ्या चुलतभावाची मूठ तिच्या हातून राहून गेली होती. अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्या हातनी मूठ चुकनी, त्याच हातले देवीनी धरं. आते डाक्टर काय करी?"

त्यावर मी कॉलेजात शिकलेलं काहीबाही बोलले. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती. देवी असेल आणि ती अशी एका मुठीसाठी बाईचा हात घेत असेल, तर तिच्यापुढे हात जोडायचे कसे? आणि नसेल, तर मायने आयुष्यभर कोणापुढे डोकं टेकवलं? दोन्हींकडून मला अंधारच दिसत होता.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी वाद घातला नाही, मायला एस.टी.त बसवून सरळ जळगावला आणलं. ज्या दवाखान्यात आम्ही गेलो तिथे नसांचं ऑपरेशन करणारे सर्जन बाहेरगावाहून अधूनमधून येत. आधी त्यांनी गोळ्या दिल्या, मनगटाला पट्टी बांधून हात सरळ ठेवायला सांगितला, मग एक इंजेक्शनही दिलं. महिनाभर बरं वाटलं आणि दुखणं पुन्हा परतलं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खोल जायला लागला होता. तो पाहून डॉक्टर म्हणाले की आता थांबण्यात अर्थ नाही.

त्या डॉक्टरांविषयी मला आजही फार आदर वाटतो. आम्ही खेड्यातली माणसं, ते मोठे सर्जन. पण त्यांनी मायसमोर स्टूल ओढून घेतलं, आपलं स्वतःचं मनगट पुढे केलं आणि त्यावर बोट ठेवून तिला समजावलं. "मावशी, इथे एक अरुंद बोळ आहे. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या त्यातूनच जातात आणि ही नसही त्यातूनच जाते. तुमचा बोळ दाटला आहे, वरचं छत जाड झालंय, त्याखाली नस दबते. मी नस कापणार नाही. फक्त वरचं छत कापून मोकळं करणार." माय खाली बघत म्हणाली, "चुकीसन नस कापाई गई तं?" डॉक्टर हसले नाहीत. "तेवढ्यासाठीच तर मी इतकी वर्षं शिकलो," ते म्हणाले. मग त्यांनी पुढचंही सगळं सांगून टाकलं. पूर्ण भूल नाही, तेवढी जागाच बधिर करतात. कळा लवकर थांबतील, बधिरपणा जायला महिने लागतील. टाके निघेपर्यंत हात उंच धरायचा, पण बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. बरेच दिवस पिळायचं नाही, उचलायचं नाही, तळव्यावर भार द्यायचा नाही. अंगठ्याखालचं गेलेलं मांस पुरतं भरून येईलच असं मात्र ते म्हणाले नाहीत. खोटी आशा न देणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही बाकावर बसलो होतो. सिस्टर आली आणि मायच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघून म्हणाली, "ह्या काढाव्या लागतील. हाताला सूज येणार." काचेच्या घट्ट बांगड्या, त्यात हात आधीच सुजलेला. सिस्टरने दोनदा ओढून पाहिलं, मग सहज बोलून गेली, "निघत नाहीत, फोडूनच काढते."

माय उठून उभीच राहिली. नवरा जिवंत असताना बाईच्या हातातली बांगडी फोडायची, हे आमच्याकडे कोणी तोंडातूनही काढत नाही. सहज टिचली तरी 'बांगडी वाढली' म्हणतात. एवढ्या सगळ्या दुखण्यात न रडलेली माय तिथे रडली. म्हणाली, "एक चूक व्हयनी त्यानं इतलं भोगस. आते हाई दुसरी नको. चाला घर." आबा तिच्या आडवे झाले. "अवं, मी आठे जित्ता उभा शे ना! बांगड्या फुटन्यात तं मी काय लगेच आडवा पडसू का?" आजूबाजूचे दोनचार लोक हसले, माय हसली नाही. सिस्टर घड्याळाकडे बघत होती. डॉक्टर त्याच दिवशी परत जाणार होते. माय आता घरी गेली तर पुन्हा इथे येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी डोळे मिटले. प्रार्थना केली असं म्हणवत नाही. फक्त मनात म्हटलं, 'आता माझ्याच्याने होत नाही.'

"बांगडी काबर फोडतस वं?" कोणीतरी म्हणालं. पलीकडच्या बाकावरून एक वयस्क बाई उठून आली. डोक्यावरून ओढणी, तोंडात पान. बोली आमचीच, मधूनच हिंदीचा हेल. "बस खाली. मणियारीण शे मी. बठ्ठा जनम बांगड्या भरामां गया. चढाडता येतस तं उतारता येवाव नहीं?" तिने सिस्टरकडून साबण मागून घेतला आणि मायचा हात मांडीवर घेतला. "हात ढिला सोड. कळीना मायक मिटी ले." मायने बोटं कळीसारखी मिटून घेतली. " मना हातकडे देखू नको, बाहेर देख." पण माय बाहेर बघत नव्हती. ती त्या बाईच्या हाताकडे बघत होती. त्या उजव्या तळव्यावर, मनगटापासून वर गेलेली, एक बारीक पांढरी रेघ होती.

"हाई काय शे?" मायने विचारलं.

"हाई? तुले आज जे करतीन, तेच. ह्याच डाक्टरनी करं. मना बी हात असाच मरी जायेल व्हता, बांगडी भरतांना पोरीसना हात दाबी दाबी. आज दुसरा हात दखाडाले इनू." बोलता बोलता तिने अंगठ्याच्या मुळाशी दाबून पहिली बांगडी सरकवली होती. मग दुसरी निघाली. टिचल्याचा आवाज काही आला नाही.

"दुखनं का तुले?" माय हळूच म्हणाली.

"सुई दुखनी. मंग काय नही. मुंग्या मात्र लगेच जात नहीत हां, सबर करना पडता है. सहा महिना मी डाक्टरले शिव्या दिन्यात."

शेवटची बांगडी निघाली तेव्हा मायने त्या बाईचा हात धरला आणि तो उलटा-सुलटा करून बघितला. बाजारात आपण भांडं पारखतो तसा. तिची बोटं दाबून पाहिली. "जोर शे," ती स्वतःशीच म्हणाली.

"ह्या बांगड्या कोठे ठेवू?" मायने विचारलं. मणियारीण म्हणाली, "कानबाई जवळ इनी ना तुमनी? तिले घाल. तुमना खेडासमा देवीना हातमां मीच तं बांगड्या देस. तुना हात बरा व्हस तोवर ती सांभाळी." माय क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग बांगड्या आबांच्या हातात दिल्या आणि सिस्टरच्या मागे आपल्या पायांनी आत गेली.

मी बाहेर बसून राहिले. जिच्या कोपाला आम्ही इतके दिवस भीत होतो, तिच्याच हातात सौभाग्य ठेवून माय निर्धास्त झाली होती. ते कसं झालं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

ऑपरेशन फार वेळ चाललं नाही. दंडावर पट्टा आवळला तोच सगळ्यात जास्त दुखला, असं माय म्हणाली. डॉक्टर बाहेर आले, घामेजलेले. "नस चांगली दबलेली होती, पण शाबूत आहे," म्हणाले. आबा त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी आबांना वरच्या वर धरलं. आम्ही मणियारणीला शोधलं, तोवर ती आपला दुसरा हात दाखवून निघून गेली होती.

त्या वर्षी कानबाईचे गहू मी मोजले. हात गळ्यात बांधून माय शेजारी बसली आणि एकेक नाव सांगत गेली. सुरतेच्या भावाचं नाव तिने सगळ्यांत आधी घेतलं. अक्का कडेला बसून ऐकत होती. देवी मांडली तेव्हा तिला मायच्या बांगड्या अक्कानेच चढवल्या. रोट खाताना माय सगळ्यांना सांगत होती, "दवाखानामां कानबाईच इनी व्हती." आबा म्हणाले, "देवी पान-तंबाखू खास का वं?" माय म्हणाली, "तुमले काय समजस!"

पुढे एरंडोलच्या बाजारात ती मणियारीण आम्हाला खरोखरच भेटली. बांगड्यांची पेटी पुढे घेऊन बसली होती. मायने भर रस्त्यात तिला वाकून नमस्कार केला. "तोबा, तोबा!" ती खदखदून हसली. "मी देवी? मना घरवालाले सांग एकदाव!" तिच्या हसण्याने मायचा विश्वास जराही हलला नाही, आणि मला आश्चर्य वाटलं ते हे की दवाखान्यात माझ्या मनात जे रुजलं होतं तेही हललं नाही. माणूस म्हणून सापडली, म्हणून ती देणगी लहान झाली नव्हती.

हात सावकाश सुधारला. कळा थांबल्या, माय सलग झोपू लागली. पण टाके निघाल्यावर कितीतरी दिवस तळवा हुळहुळा होता आणि तिच्याने कपड्याला साधा पिळाही घालवत नव्हता. बोटांचा बधिरपणा हटता हटेना. अंगठ्याखालचा खळगा आजही थोडा आहे. जास्त मांडे करायचे असले की ती आता जाऊबाईला सोबत घेते. मधल्या काळात मी पुष्कळदा खचले, डॉक्टरांनी सांगितलेलं विसरून रोज विचारायचे, "आता कळतं का? आता?" माय म्हणायची, "देवीले घाई नही, डाक्टरले घाई नही, तुलेच कसानी घाई वं?"

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा माझं डोकं जड होतं. कोणाला काही न सांगता मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. माय मागून आली, माझ्या तोंडावर आलेले केस सारायला तिने उजवा हात पुढे केला आणि कपाळाशी तो थांबला. तिने एकेक बोट टेकवून पाहिलं. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "पोरी, तुनं आंग तं तपी ऱ्हायनं!"

तिला माझ्या तापाची काळजी. तिच्या बोटांना काय कळलं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिचा हात तसाच कपाळावर धरून ठेवला. इतके महिने मी देवीकडे उत्तर मागत होते, ते आता मागावंसं वाटेना. आपल्या हातून सुटतं ते कुणाच्या तरी हातात जातं. ते हात देवीचे की माणसाचे, हे ओळखायची घाई मला सोडता यावी, एवढंच मी आता मागते. माय ओरडत होती, "सोड ना वं हात, काढा करू दे!" आणि माझ्याने तो सोडवत नव्हता.