काठी महाडला गेली होती

अल हैलच्या जयवंतीताईंना कुणी ढिसाळ म्हणावं आणि त्यांनी ते ऐकून घ्यावं, हे मस्कतात तरी घडायचं नाही. बाई कडक. सत्तावीस साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी जे ओंजळीनं प्यायले, त्यांच्या लेकी, नाती, पणत्या मिळून इथे एक मंडळ चालवतात. काम सुटून अडकलेल्या मोलकरणींना शुक्रवारी डबे पोचवायचे, मुलींकडून संविधानाची प्रास्ताविका मराठीत पाठ करून घ्यायची, ही कामं सगळ्याच करतात. पण सभासद कोण, ते वंशावळीची वही ठरवते. म्हणजे जयवंतीताई ठरवतात.

तीन वर्षांपूर्वी वसुंधरा आली. मूळची खेडकडची, इथे मस्कतात कुरुमच्या एका ऑफिसात नोकरीला. “माझ्या आजीचे वडील गेले होते, आजी सांगायची,” एवढंच तिच्याजवळ. फोटो नाही, कागद नाही, वस्तू नाही. ताईंनी त्या आजीच्या वडिलांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि समोर शेरा मारला, पुरावा अपुरा. वसुंधरा रडली नाही की भांडली नाही. पुढच्या शुक्रवारी डब्यांसाठी साठ चपात्या घेऊन हजर. तेव्हापासून दर शुक्रवारी चपात्या तिच्याच, आणि कार्यक्रमाला मागच्या रांगेतली खुर्चीही तिचीच.

ताईंचा स्वतःचा पुरावा कसा, भक्कम. माणगावकडच्या आजोळी भिंतीवर आजोबांची, म्हणजे तात्यांची, काठी टांगलेली. ती महाडला जाऊन आलेली, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

यंदा त्यांची लेक मनाली अठराची झाली. मंडळाचा रिवाज असा, की मुलीनं ओंजळीत पाणी घेऊन वंशावळ म्हणायची आणि मग ते प्यायचं. वहीत चिकटवायला काठीचा फोटो हवा म्हणून ताईंनी आठ दिवस आधी मामांना फोन लावला. मामा नव्वदीला टेकलेले.

“पाठवतो की, जयू,” मामा म्हणाले. “पण काठी गेली होती गं महाडला, तात्या कुठले? त्यांना ताप भरलेला. शेजारचा धोंडू निघाला, तर हातात असू दे म्हणून दिली त्याला. पुढे लोक काठीला मान द्यायला लागले, मग तात्या गप्पच बसले.”

ताईंनी फोन ठेवला. नवऱ्याला सांगावं, तर यशवंतराव म्हणणार, जाऊ दे, कोण बघायला येतंय. तेच तर ऐकायचं नव्हतं. वहीत दुसरीचं नाव असतं तर त्यांनी एका मिनिटात खोडलं असतं. आणि मनाली तर आरशासमोर उभी राहून विचारायची, “आई, ‘ओंजळ’ करेक्ट बोलले ना मी?” आज सांगू, आज सांगू, असं रोज ठरवायच्या आणि रोज तिचे उच्चार तेवढे सुधारून द्यायच्या.

शुक्रवारी मदिनत सुलतान काबूस भागात मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी हॉल भरला. प्रास्ताविका झाली. मनाली ओंजळ धरून उभी राहिली, ताई वही घेऊन शेजारी.

“मी मनाली. जयवंतीची मुलगी. जयवंती शेवंताची मुलगी. शेवंता तात्यांची मुलगी. तात्या, माझे पणजोबा...” पोरगी अडखळली. तिनं आईकडे बघितलं. बोटांमधून पाणी ठिबकत होतं.

हीच वेळ होती. थांब बाळा, एवढंच म्हणायचं होतं. ताईंनी तोंड उघडलं आणि हळूच पुढचा शब्द सांगितला, “चवदार...”

“चवदार तळ्याचं पाणी प्यायले,” मनालीनं पुरं केलं आणि ओंजळीत उरलेलं पाणी ती प्यायली.

टाळ्या पडल्या. पहिली पडली ती मागच्या रांगेतून.

चहाच्या वेळी वसुंधरा जवळ आली. “पोरीनं एक नाव चुकवलं नाही, ताई. माझी आजी असती ना, तर हे ऐकायला तिला मुद्दाम बसवलं असतं.”

ताईंना स्वतःची इतकी लाज जन्मात वाटली नव्हती. वही छातीशी घट्ट धरून त्यांनी विचारलं, “वसुंधरा, तुझ्या आजीच्या वडिलांचं नाव काय गं?”

“तुम्ही लिहून घेतलंय की, ताई,” वसुंधरा म्हणाली आणि रिकामे डबे गोळा करायला गेली.