दहापर्यंत मोजायचं

नेरिस नऊ वर्षं एकच प्रश्न विचारत आली होती. वेल्सच्या त्या दरीतल्या इस्पितळात कुणी वारलं, की उपचारांशी काडीचा संबंध नसलेला डॉक्टर सगळे कागद तपासायचा, आणि मृत्यूचा दाखला निघण्याआधी नेरिस घरच्यांना फोन करायची. "त्यांच्या उपचारांबद्दल तुमच्या मनात काही खुपतंय का?"

आणि ही आमची माणसं! जीव गेला तरी कुणाला त्रास नको. "छे हो, सगळे फार चांगले वागले." ठरलेलं उत्तर.

म्हणून नव्यानं आलेल्या डेलिथला तिनं पहिल्याच दिवशी दम भरला होता. "'काही नाही' म्हणाले की लगेच फोन ठेवायचा नाही, बाई. मनात दहापर्यंत मोजायचं. खरं काय ते त्यानंतर येतं."

"आणि नाहीच आलं तर?"

"पुन्हा मोजायचं. तुझा चहा काय पळून जातोय?"

मंगळवारी नेरिसच्या नवऱ्याला, इद्वलला, छातीत कळ आली म्हणून त्याच इस्पितळात आणलं. खाट नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बोळात स्ट्रेचरवरच ठेवलं. अकराला वर कचेरीत नेरिसला त्याचा फोन आला. "अगं, अजून कुणी फिरकलं नाही. खाली येऊन जरा ओरड ना."

"मी ओरडले तर म्हणतील, इथली आहे म्हणून मिरवते. येतील रे! माझे चार फोन उरलेत."

ती दोनला खाली गेली, तेव्हा तो गेलेला होता. शेजारच्या स्ट्रेचरवरच्या म्हातारीला वाटलं, झोपलाय.

गुरुवारी घरचा फोन वाजला. डेलिथ होती, रडू दाबत. "विचारावंच लागतं गं, नेरिस. इद्वलच्या उपचारांबद्दल मनात काही खुपतंय का?"

कागदांत 'रुग्ण शांत झोपलेला' एवढंच लिहिलं होतं. त्या तीन तासांचं खरं सांगू शकणारी एकटी तीच उरली होती. सांगितलं तर चौकशी होईल, त्या बोळात उद्या दुसऱ्या कुणाचा जीव वाचेल. पण मग विचारतील, त्यानं कुणाला हाक मारली होती का. तिला स्वतःची किळस आली.

"नाही गं. सगळे फार चांगले वागले."

डेलिथ फोन ठेवेना. शिकवल्याप्रमाणे मोजत होती बिचारी. दहा झाले असतील. मग पुन्हा दहा.

"चहा निवतोय माझा, डेलिथ," नेरिस म्हणाली आणि फोन ठेवला.