ताईने सांगितलेला अर्थ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला, ती असेपर्यंत, सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट माहीत नाही.

मी हिंगोलीत मराठी शिकवते. दरवर्षी धड्यात 'निरागस' हा शब्द येतो. ज्याच्या मनात पाप नाही तो निरागस, असं मी सांगते. मुलं ठरलेलं वाक्य करतात — बाळाचं हसू निरागस असतं. मी 'बरोबर' म्हणते आणि पटकन पुढचा शब्द घेते. पटकन का?

मी तेव्हा गोरेगावात सातवीत होते. ताईला बघायला कनेरगाव नाक्याचे पाहुणे आले. घर चांगलं, मुलगा ताईच्या मनात भरलेला — तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आमच्याकडे एक रीत होती. चहा-पोहे झाले की पाहुण्यांतली एखादी बाई घरातल्या लहानग्याला बाजूला घ्यायची. लेकरू खोटं बोलत नाही, हा सगळ्यांचा भरवसा. मुलाच्या आत्याने मला रांजणापाशी नेलं.

"बाई, खरं सांग, तुझ्या ताईला काही तकलीफ तर न्हाई ना?"

ताई सासरी गेली की पाणी, शेण, भाकरी माझ्यावर येणार, शाळा सुटणार — आई आदल्या दिवशीच म्हणाली होती. चेहरा साधा केला — हो, केला.

"तिला फिट येते."

ताईला कधी साधी चक्कर आली नव्हती.

आत्याने ते बैठकीत सांगितलं. पाहुणे उठून गेल्यावर बाबांनी माझ्यावर हात उगारला. ताई मध्ये आली. "मारू नका बाबा, भोळं हाय ते. त्याला काय कळते?"

मला सगळं कळत होतं. बोलणं गावोगाव गेलं. बाबांनी शपथा घेतल्या, पण लेकराच्या शब्दापुढे बापाची शपथ कोण धरतो? स्थळं येईनाशी झाली. ताईने घर ओढलं, मी शिकले. पुढे तिला आखाडा बाळापूरच्या एका बिजवराला दिली. त्याला पहिलीची दोन लेकरं होती.

परवा तिच्याकडे गेले होते. तिची सावत्र लेक अभ्यास करत होती.

"माय, निरागस म्हंजे काय?"

मराठीची बाई समोर बसलेली. पण उत्तर ताईनेच दिलं, भाकरी थापता थापता. "तुही मावशी लहानपणी होती ना, तसं."

पोरीने खात्री करायला माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर," मी म्हणाले.